बाबांच्या घड्याळाची चेन

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज अख्खी दुपार दोन पिनांपायी गेली. पिना म्हणजे केवढ्या, तर तांदळाच्या दाण्याहून बारीक आणि बोटाच्या दोन पेरांहून आखूड.

बाबांचं घड्याळ म्हणजे एचएमटी जनता, 1983 ला लग्नात आजोबांनी दिलेलं. चामड्याचा पट्टा केव्हाच कुजला, मग स्टँडबाहेरच्या घड्याळजीनं स्टीलची चेन बसवून दिली ती आजतागायत. मार्चमध्ये बाबा अंगणात घसरले, डावं मनगट फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर. तेवढे दिवस देवपूजा झाली की आई घड्याळाला चावी द्यायची, बंद पडायला नको म्हणून. प्लास्टर निघालं तरी मनगट अजून सुजलेलंच आहे, डॉक्टर म्हणाले काही महिने राहील तसं. आणि बाबांनी त्याच हातात घड्याळ दामटून घातलं, गुपचूप. काल बेसिनवर हात धुताना मला दिसलं, मनगटाभोवती एकेका कडीचा लालभडक छाप, मोजे काढल्यावर पायावर उमटतो ना तसा. म्हटलं बाबा दुखत नाही का, तर म्हणे "होईल सवय." उजव्या हातात घाला म्हटलं तर लिहिताना अडतं म्हणे. लिहितात काय, तर दुधाचा हिशोब.

आधी वाटलं लॉकपाशीच भागेल. लॉकच्या कडेला तीन-चार बारीक भोकं असतात, तिथली पिन पुढच्या भोकात सरकवली की चेन जरा सैल होते, पण बाबांची आधीच शेवटच्या भोकात. जादा कडी घालावी तर तशी कडी मिळणार कुठे, चेन काही कंपनीची नाही आणि घड्याळजीच्या टपरीत आता मोबाइलची कव्हरं मिळतात. कंपनीचं तर विचारूच नका, 1961 ला जपानच्या सिटिझनबरोबर बंगळुरूत घड्याळं बनवायला लागलेली एचएमटी, तिचा घड्याळांचा धंदा बंद करायचा निर्णय सरकारनं 2016 ला घेऊनही टाकला. मग ठरवलं चेनच काढायची आणि नायलॉनचा पट्टा घालायचा. मोजपट्टी लावली, 18 मिमी, तसा पट्टा कालच आणून ठेवला.

चेनच्या टोकाला वाकवलेल्या पत्र्याचा एक तुकडा असतो, तो घड्याळाच्या दोन टोकांमध्ये गच्च बसतो आणि त्याच्या पोटातून ती पिन जाते. पिन म्हणजे बारीक नळी, आत स्प्रिंग, दोन्ही बाजूंनी टोकं बाहेर आलेली. टोक आत दाबलं की सुटते, एवढंच. पण दाबायला फट तर पाहिजे! वर्षानुवर्षांचा घाम, साबण आणि मळ मिळून तिथे सिमेंट झालेलं. जुन्या टूथब्रशनं कोरडंच घासलं, कारण हे घड्याळ वॉटरप्रूफ वगैरे नाही, आत पाणी गेलं की संपलं. मग चष्म्याचा छोटा स्क्रूड्रायव्हर घातला, जोर लावला आणि सटकन घसरला. घड्याळाच्या कडेवर हा एवढा चरा. बाबा पेपर वाचत होते, म्हणजे पेपर हातात होता, "अगं हळू, सासऱ्याचं आहे." आईनं आतून ऐकलं आणि हसली.

शेवटी सुईच्या टोकावर शिलाई मशीनचं तेल एकेक थेंब सोडलं, घड्याळ नॅपकिनवर पालथं ठेवलं आणि जेवून घेतलं. ही अक्कल आधी यायला हवी होती. तासाभरानं कडेला टेप चिकटवला, स्क्रूड्रायव्हर पिनेच्या खांद्याला टेकवला, आणि वर न उचकटता आधी मधल्या बाजूला दाबलं, मग हलकेच उचललं. टक्! चेन एका बाजूनं सुटली आणि पिन उडाली ती थेट दिवाणाखाली. मी मोबाइलचा टॉर्च लावून पालथी, आई केरसुणी घेऊन, आणि बाबा सोफ्यावरून डावीकडे उजवीकडे सांगतायत. पिन सापडली, सोबत पाच रुपयांचं नाणं आणि माझं दोन वर्षांपूर्वी हरवलेलं कानातलं. दुसरी पिन मग घड्याळ पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीतच हात घालून काढली. उडाली, पण पिशवीत.

दोन्ही पिना गंजून तपकिरी झाल्यात, एकीची स्प्रिंग तर दाबली की दाबलेलीच राहते. त्या परत लावल्या असत्या तर घड्याळ कुठेतरी रस्त्यात पडलं असतं. नशीब पट्ट्याबरोबर दोन नव्या आल्या होत्या, त्या घातल्या, दोन्ही टोकं भोकात बसलीत का ते ओढून बघितलं आणि पट्टा खालून ओवला. बाबांनी हात लांब करून, जवळ करून बघितलं. "शाळेतल्या पोराचं वाटतंय." पण काढलं नाही.

चेन त्यांनी पुसून जुन्या चष्म्याच्या केसमध्ये ठेवली आणि मला बजावलं, पिना फेकू नकोस, सूज उतरली की परत तीच चेन लावायचीय. बरं म्हटलं. पिना तोवर केरात गेल्या होत्या.