बाटलीच्या तळाचं यीस्ट आणि माझे सहा दिवस

घरी बिअर करायला विकतच्या बिअरच्या बाटलीतलं यीस्ट बरणीत वाढवायचं, हा तो उद्योग. दोन दिवसांत फेस येतो म्हणून छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी तो नक्की उन्हाळ्यात केला असणार. मी केला जुलैत, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या ऐन थंडीत.

कूपर्स पेल एल ही इथलीच बिअर. ती बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते, म्हणून तळाशी साका बसतो आणि त्यात जिवंत यीस्ट असतं. घरी बिअर करायच्या त्यांच्या किटच्या झाकणाखाली 7 ग्रॅमची कोरडी पुडी मिळते, पण ते यीस्ट वेगळं. मला बाटलीतलंच हवं होतं. 375 मिलीच्या तीन बाटल्या चार दिवस फ्रिजमध्ये उभ्या ठेवल्या. इथले लोक पिण्याआधी बाटली आडवी लोळवून साका मुद्दाम मिसळून घेतात. मी उलट केलं: वरची बिअर अलगद ओतून काढली आणि तळाची बोटभर ठेवली. पाव लिटर पाण्यात 12 ग्रॅम मॉल्टची (मोड आणलेल्या जवाच्या अर्काची) पूड दहा मिनिटं उकळून पार गार केली, साका त्यात ओतला, बरणी खळाखळा हलवली आणि तोंडावर फॉइल सैलसर ठेवलं.

मग काहीच नाही.

दुसरा दिवस, तिसरा दिवस. रात्री स्वयंपाकघर तेरा अंशांवर. उठलो की आधी बरणीपाशी, चहा नंतर. चौथ्या दिवशी आईचा फोन आला. तिला म्हटलं, पावाचं यीस्ट करतोय, फुगत नाहीये. "अरे, विरजण तरी थंडीत लागतं का? उबेला ठेव." बिअरचं सांगायची हिंमत नव्हती, पण सल्ला बिनतोड होता. बरणी टॉवेलात गुंडाळून गरम पाण्याच्या टाकीशेजारी ठेवली. तरी पाचव्या दिवशी शुकशुकाट. मागच्या खेपेला दुकानातल्या खालच्या फळीवरच्या, धूळ बसलेल्या बाटल्या उचलल्या होत्या आणि बरणीला व्हिनेगरचा वास सुटला होता. तारीख बघून ताजीच बाटली घ्या, हे तेव्हा शिकलो. या वेळी बाटल्या ताज्या होत्या, म्हणून चिडचिड जास्त.

सहाव्या दिवशी ओतून टाकायला सिंकपाशी गेलो. बरणी तिरकी केली तर तळाशी सायीसारखा पांढरा थर! फेस कधी आला नि गेला, की आलाच नाही, देव जाणे. यीस्ट इतकं थोडं असलं की फेसाची वाट बघू नका, तळ बघा. आणि बरणी काचेचीच घ्या, मी आधी स्टीलच्या डब्यात करणार होतो.

पुढे तेच यीस्ट मॉल्टच्या एक लिटर पाण्यात वाढवलं, मग दोन लिटरमध्ये, मग त्यावर 20 लिटरची बिअर, सगळं बिनबोभाट. फक्त 18 अंशांच्या आसपास राखा. या यीस्टला जास्त ऊब मिळाली की बिअरला केळ्याचा वास येतो.

हो, एक राहिलंच. वर ओतून काढलेली बिअर आधी पिऊन बघा. ती आंबट लागली, तर तिचा साका घेऊच नका.