२३ एप्रिलचं श्रीनगर

पहलगामला आम्ही पोहोचलोच नाही. परत आल्यापासून भेटेल तो आधी हेच विचारतो, पहलगामला पर्यटकांवर हल्ला झाला तेव्हा तुम्ही तिथे होता का, आणि "नाही, आम्ही श्रीनगरातच होतो" म्हटलं की त्याचा जीव भांड्यात पडतो, विषय तिथेच संपतो. त्या दोन दिवसांत श्रीनगरात काय होतं हे कुणी विचारत नाही. मला मात्र तेच सांगायचं आहे.

१९ एप्रिल २०२५ ला आई, बाबा आणि मी पुण्याहून दिल्लीमार्गे श्रीनगरला उतरलो. ट्युलिपची बाग, निशात, शालिमार, शिकारा, गुलमर्गचा बर्फ, सगळं झालं. चांगलं झालं. फोटो आहेत, पण त्यावर लिहायला हात वळत नाही. एवढंच सांगते की बाहेरचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, हे आईबाबांच्या फोनच्या बाबतीत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तिघांत मिळून माझा एकच फोन चालू होता. पुढचं सगळं त्या एका फोनवर आलं.

२२ तारखेला, मंगळवारी, सोनमर्गला गेलो. बुधवारी सकाळी पहलगामला निघायचं, तिथे तीन रात्री राहायचं आणि २६ ला घरी, असं ठरलं होतं. पहलगामच्या वरच्या बैसरनच्या कुरणापर्यंत गाडी जात नाही, घोड्यावर बसायचं नाहीतर चालायचं. आईचे गुडघे आणि बाबांचा हट्ट, यावरून दोन दिवस घरगुती वाद चालू होता.

संध्याकाळी परत येताना दादाचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. "कुठे आहात? पहलगामला नाही ना?" मी नाही म्हटल्यावर पलीकडून काही क्षण नुसता श्वास ऐकू आला.

ड्रायव्हरचा फोनही तेव्हाच वाजायला लागला. तीन दिवस हाच आमच्याबरोबर होता. तिशीचा, बोलघेवडा, बाबांना वाटेतला प्रत्येक मोठा चिनार दाखवणारा. त्याने गाडी कडेला घेतली, काश्मिरीत चार वाक्यं बोलला आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिला. मग मागे न वळता म्हणाला, "अंकल, टूरिस्ट को मारा है." हॉटेल येईपर्यंत पुन्हा कुणी बोललं नाही.

हॉटेल डलगेटजवळ होतं, लहानसं. रिसेप्शनवरच्या टीव्हीसमोर आम्ही तिघं आणि नागपूरचं एक कुटुंब असे बसलो होतो. बैसरनमधल्या मृतांचा आकडा आधी एक होता, मग पाच, मग वीसच्या वर. शेवटी २६. पंचवीस पर्यटक आणि एक तिथलाच घोडेवाला, सय्यद आदिल हुसेन शाह. धर्म विचारून गोळ्या घातल्या, असं वाचलेली माणसं सांगत होती. नवऱ्याला आपल्यासमोर मारलं, हे एक बाई ज्या कोरड्या आवाजात सांगत होती तो आवाज मला अजून रात्री ऐकू येतो. हॉटेलातली पोरं आमच्या मागे भिंतीला टेकून उभी होती. डोंबिवलीचं नाव आलं तेव्हा आईचा बांध फुटला. मॅनेजरने पाण्याचा ग्लास आणून तिच्यासमोर ठेवला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "आंटी, माफ़ करना."

त्याने कशाबद्दल माफी मागायची? हा प्रश्न मला फार नंतर पडला. त्या वेळी माझ्या मनात एकच होतं, आमच्या खोलीच्या दाराला आतून दुसरी कडी आहे का.

कडी होती. मी ती लावली, वर खुर्ची लावली. आणि रात्री मशिदीच्या भोंग्यावरून आवाज सुरू झाला. अजानची वेळ नव्हती. काश्मिरीत कुणीतरी एकसुरी आवाजात बराच वेळ बोलत होतं. १९९० सालच्या जानेवारीतल्या रात्रींबद्दल, भोंग्यांबद्दल, घरं सोडून निघालेल्या पंडितांबद्दल आपण सगळ्यांनीच वाचलेलं असतं. आई पलंगावर उठून बसली. बाबा खिडकीपाशी गेले आणि पडदा न सरकवताच परत आले. मी रिसेप्शनला फोन लावला. हॉटेलातला सर्वांत लहान पोरगा वर आला, दारातूनच म्हणाला, "दीदी, कल के बंद का बोल रहे हैं. जिनको मारा, उनके लिए. सब दुकान बंद रखेंगे." खुर्ची हलवून दार उघडायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्याला सगळं कळलं असणार. तो काही बोलला नाही. नून चाय, म्हणजे तिथला खारा चहा, आणू का, एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर पेपर आला तो काळा. पहिलं पान पूर्ण काळं, त्यावर पांढरी अक्षरं. शेजारी उर्दू पेपर होता, तोही काळा. बाबांनी पेपर वाचून खाली ठेवला तर त्यांची बोटं काळी झाली होती, आणि त्याच बोटांनी त्यांनी गिर्दा मोडला, तिथली ती सकाळची भट्टीतली रोटी. पांढऱ्या रोटीवर दोन ठसे उमटले. त्यांनी ती बाजूला सारली. नाश्ता कुणीच केला नाही.

बंद म्हणजे आपल्याकडे अर्धी शटरं खाली आणि मागच्या दाराने विक्री. इथे डलगेटपासून पुढे एक टपरी उघडी नव्हती. सत्ताधारी, विरोधक, फुटीरतावादी हुर्रियतचे मीरवाईज, व्यापारी संघटना, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, सगळे एका बंदमागे उभे होते. दहशतवाद्यांच्या विरोधात असा बंद पस्तीस वर्षांत बघितला नव्हता, असं ज्याच्याशी बोलावं तो सांगत होता. दल सरोवराकाठच्या बुलेव्हार्ड रस्त्याला शिकारे एकमेकांना बांधून ओळीने उभे, त्यांच्या रंगीत गाद्या उलट्या करून ठेवलेल्या. गृहमंत्री शहरात होते, त्यामुळे मधूनच ताफे सुसाट जायचे आणि रस्ता पुन्हा रिकामा. आईचा विरोध असतानाही मी त्या हॉटेलातल्या पोराबरोबर लाल चौकाकडे चालत गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. रात्रभर ज्या शहराला घाबरले ते दिवसा बघायचं होतं, असं काहीतरी असावं.

घंटाघराच्या अलीकडे एक मोर्चा भेटला. शे-दीडशे माणसं असतील. दुकानदार, टॅक्सीवाले, हॉटेलवाले, दंडावर काळ्या फिती. निष्पापांना मारणाऱ्यांच्या विरोधात घोषणा चालू होत्या. कडेला एक म्हातारे गृहस्थ फेरन, तो लांब काश्मिरी झगा, घालून उभे होते. हातात बिस्किटाच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा, त्यावर स्केचपेनने उर्दूत दोन ओळी, पुठ्ठ्याच्या उलट्या बाजूला अजून खोक्याची छापील किंमत. मला बघून त्यांनी विचारलं, "कहाँ से, बेटा?" मी पुणे म्हटलं. "वहाँ के भी थे ना?" मी हो म्हटलं, दोघं होते. त्यांनी पुठ्ठा बगलेत धरला आणि दोन्ही हात जोडले. हनुवटी थरथरत होती. मलाही हात जोडण्यापलीकडे काही सुचलं नाही. भररस्त्यात आम्ही दोघं एकमेकांसमोर हात जोडून उभे होतो.

त्यांच्या शेजारचा तरुण मात्र रागाने लाल झालेला होता. तो हिंदीत माझ्याशी बोलत होता, पण मला नव्हे, सगळ्या जगाला सुनावत होता. एवढे हजारो लोक रोज त्या कुरणात जातात तर तिथे एक जवान का नव्हता? इथे दर दोनशे पावलांवर बंकर आहे, आमची गाडी दिवसातून पाच वेळा थांबवतात, मग ते बंदुका घेऊन फिरले कसे? आणि उद्या बाहेर शिकणाऱ्या आमच्या पोरांना याचा जाब विचारणार, तेव्हा त्यांनी काय सांगायचं? म्हाताऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो झटकला. मग तोच हात धरून तो रडायला लागला.

दुपारी हे मी हॉटेलवर सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "धंदा बुडाला म्हणून रडतायत." बाबा माणूस म्हणून कडवट नाहीत. आदल्या रात्रीपासून ते चिडलेले होते आणि त्या चिडीला काहीतरी जागा हवी होती. माझ्यातही ती चीड होती, अजून आहे. धर्म विचारून मारलं हे वाक्य मी गिळू शकत नाही आणि कुणी ते गुळगुळीत करून सांगितलं तर मला राग येतो. पण बाबांचं बोलणं मला पटलं नाही. आजी गेली तेव्हा अंगणात तिरडी बांधणं चालू असताना काकांनी बाबांना विचारलं होतं की आता तिच्या पेन्शनचं काय. त्याच काकांना नंतर स्मशानात दोघांनी धरून बसवावं लागलं. त्यांचं रडणं खोटं होतं असं आमच्या घरात कुणीच कधी म्हटलं नाही. मी हे बाबांना सांगितलं. ते गप्प झाले आणि पुन्हा टीव्हीकडे वळले. टीव्हीवर आदिलच्या गावातली दफनविधीची गर्दी दाखवत होते. संध्याकाळी डोंबिवलीतलं भागशाळा मैदान दाखवलं, तिथेही तशीच गर्दी. बाबांचे एक जुने मित्र तिथे जवळच राहतात, त्यांना माझ्या फोनवरून फोन लावला तर दोघंही नीट बोलू शकले नाहीत.

तिकिटं बदलायला विमान कंपनीच्या फोनवर सव्वा तास तेच संगीत ऐकलं. २४ तारखेची मिळाली.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

२४ ला सकाळी तोच ड्रायव्हर आला. दादाने रात्री चार वेळा बजावलं होतं, गाडीचा नंबर पाठव, ड्रायव्हरचा फोटो पाठव, कुठल्या रस्त्याने नेतोय ते कळवत राहा. तीन दिवस मी या माणसाच्या गाडीत डोळे मिटून झोपले होते. त्याने आईसाठी दरवेळी पुढची सीट मागे सरकवून दिली होती. आणि आता तो बॅगा वर बांधत असताना मी गाडीच्या मागे जाऊन, चप्पल नीट करते असं दाखवून, नंबरप्लेटचा फोटो काढला. मान वर केली तर तो दोरीचं टोक हातात धरून माझ्याकडेच बघत होता.

त्याने दोरी आवळली, गाठ मारली, खाली उतरला. पाकिटातून आधार कार्ड काढलं आणि बॉनेटवर ठेवलं. मग लायसन्स. "इसका भी ले लीजिए, दीदी. दोनों साइड का." आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला उलट काहीतरी बोलता आलं असतं. मी म्हटलं, नको, तसं काही नाही, भाऊ उगाच काळजी करतो. तो म्हणाला, "भाई है तो करेगा ही. मेरी अम्मी भी कर रही है." आणि मी फोटो काढले. हेच मला सांगायचं आहे. नको म्हणत म्हणत मी कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि त्याच्यासमोर दादाला पाठवले. कार्डावरच्या फोटोत तो फारच कोवळा दिसत होता, मिसरूड फुटलेला.

गाडीत त्याने स्वतःहून सांगितलं. धाकटा भाऊ पुण्यात शिकतो, कॉलेजचं दुसरं वर्ष. काही शहरांत काश्मिरी मुलांना खोल्या सोडायला सांगताहेत, दमदाटी होते आहे, असं मंगळवार रात्रीपासून कानावर येत होतं, म्हणून अम्मीने त्याला खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही असं सांगितलं होतं. पुण्यात तसं काही होणार नाही, असं मी म्हणायला गेले आणि थांबले. मला काय माहीत? मी माझा नंबर दिला. भावाला काही लागलं तर मला फोन करायला सांग म्हटलं. त्याने तो एका हाताने लिहून घेतला.

विमानतळाच्या अलीकडच्या फाटकावर सगळ्यांना सामानासकट उतरवून तपासणी होते, तिथे लांबलचक रांग होती. टॅक्सीवाले पैसे घेत नाहीत, अशा बऱ्याच गोष्टी नंतर वाचल्या. आमच्याने घेतले. बाबांनी वर पाचशे दिले ते परत केले आणि म्हणाला, "जो बनता है वही दीजिए, अंकल. गाड़ी की किस्त है." बाबांनी त्याला जवळ घेतलं. आदल्या दुपारी बोललेलं त्यांना तेव्हा आठवलं का, मी विचारलं नाही.

पुण्यात उतरलो तेव्हा रात्र झाली होती. पुण्यातल्या दोघांवर त्याच दिवशी वैकुंठात अंत्यसंस्कार झाले होते. रिक्षावाला सगळा वेळ त्याबद्दलच बोलत होता, संतापून, आणि काश्मीरमधल्या प्रत्येकाचं काय करायला हवं ते सांगत होता. आम्ही तिथूनच आलोय हे तिघांपैकी कुणीच त्याला सांगितलं नाही.

घरी आल्यावर आईने देवाजवळ दिवा लावला. मी बॅगा तशाच टाकून बसले होते, तेवढ्यात अनोळखी नंबरवरून मराठीत मेसेज आला. "ताई पोचले का? अम्मी विचारते."

मी लिहिलं, पोहोचलो. तू खोलीवरच आहेस ना?

"हो. परवापासून खाली नाही उतरलो."