वारा कुठून आहे?

"आधी वारा बघा साहेब, पाखरं वाऱ्याकडं तोंड करूनच उडत्यात," असे आमचे नावाडी आज सकाळी उजनी धरणाकाठच्या भिगवणला म्हणाले, तेव्हा शेजारचे गृहस्थ ६०० मिलिमीटरच्या लेन्सने, चिखलात चोची खुपसून उभ्या असलेल्या रोहित पक्ष्यांची धडाधड छायाचित्रे काढत होते.

नावाड्यांनी बांबू रोवत नाव सावकाश वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेली. सुदैवाने सूर्यही पाठीशी आला. थवा उठला तो आमच्याच दिशेने, आणि पंखांतला लाल-काळा रंग उन्हात लख्ख उघडला. गृहस्थ त्या क्षणी मान खाली घालून मघाच्या फ्रेम तपासत होते.

उतरताना त्यांनी मला विचारले, "तुमची कॅमेरा बॉडी कोणती?" नावाड्यांना मात्र त्यांनी काहीच विचारले नाही, आणि तेच दिवसभर डोक्यात घोळत राहिले.

लांब पल्ल्याच्या लेन्सचे महत्त्व मी नाकारत नाही. उजनीच्या फुगवट्यावरचा दूरचा पक्षी मोबाइलमध्ये ठिपकाच राहतो. (माझीही लेन्स हप्त्यांवरच घेतलेली आहे.) तरीही भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला ज्या रोलिफ्लेक्स कॅमेऱ्यावर काम करत, त्यात एका रोलवर अवघी १२ छायाचित्रे येत आणि झूमची सोय नसे, त्यामुळे कुठे उभे राहायचे आणि कळ कधी दाबायची, हे आधीच ठरवावे लागे.

आपल्या छायाचित्रणाच्या गप्पांत लेन्सच्या किमतींवर तासन्‌तास जातात. वारा, ऊन आणि पक्ष्याच्या सवयी यांवर शेवटचे कधी बोललो आपण?