रोज पेलाभर पाणी

थंडी सुरू झाली की मला येणारे निम्मे फोन एकाच तक्रारीचे असतात. झाड मलूल झालंय, पाणी तर रोज घालतोय. घरोघरी जाऊन कुंड्यांची देखभाल करणं हे माझं काम, त्यामुळे ‘रोज’ हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो.

त्या दिवशी एकच झाड बघायचं होतं, पिवळ्या कडांचा स्नेक प्लांट. त्या बाईंच्या आईने लावलेला. आई जाऊन वर्ष झालं होतं. कुंडी खिडकीच्या गार काचेला टेकलेली, खाली ताटली, ताटलीत पाणी. दोन पानं आडवी पडलेली. “तहानला असेल म्हणून कालपासून दोनदा पाणी घालतेय,” त्या म्हणाल्या.

मी एक पान बुडाशी धरलं, तर ते अलगद हातात आलं. बूड पिवळट, लिबलिबीत. कुंडी उपडी करून माती काढली आणि कुजका वास सुटला. मुळं काळी पडली होती. चिमटीत धरून ओढली की वरची साल निघून यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. ही मूळकुज. ऊन कमी झालं की झाडाची वाढ मंदावते, ते पाणी कमी पितं, माती दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळांना हवा मिळत नाही. मग कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत आणि वरची पानं मलूल होतात, अगदी तहानल्यासारखी. माणूस आणखी पाणी घालतो. उन्हाळ्यात हेच पेलाभर पाणी त्या झाडाला कदाचित चाललंही असेल.

“वाचेल ना ताई?”

इथे मला खरं सांगणं भाग होतं. वरची पानं टणक होती. त्यांचे बोटभर तुकडे मातीत लावले तर रोपं येतात, पण ती साधी हिरवी येतात. पिवळी कड पानाच्या तुकड्यातून उतरत नाही. ती हवी तर मातीखालचा गड्डाच जगायला हवा. त्या काहीच बोलल्या नाहीत.

मी कात्री स्पिरिटने पुसली आणि गड्डा कापत गेले. तपकिरी, पुन्हा तपकिरी. शेवटी अंगठ्याएवढा तुकडा आतून पांढरा, कडक निघाला. तो आणि पानांचे तुकडे दोन दिवस सावलीत सुकू द्यायला सांगितले, म्हणजे काप कोरडे होतात. मग अर्ध्याहून जास्त जाड वाळू असलेली माती, भोक असलेली लहान कुंडी, आणि पानाच्या तुकड्याचं बुडाकडचं टोक खालीच. उलटं लावलेलं पान मुळं धरत नाही. खत अजिबात नाही. कुंडी काचेपासून हातभर आत, कारण 10 अंशांखालची थंडी आणि ओली माती एकत्र आली की स्नेक प्लांट टिकत नाही.

निघताना त्यांच्या हातात आधी ओली कुंडी दिली, मग कोरडी. वजनातला फरक त्यांना लगेच कळला. “हलकी लागेपर्यंत पाणी नाही,” एवढंच सांगितलं.

थंडी ओसरल्यावर त्यांनी फोटो पाठवला. पानाच्या तुकड्याशी हिरवा कोंब होता. गड्डा अजून तसाच होता, पण दाबला तर कडक लागतो, असं त्यांनी खाली लिहिलं होतं.