डाव्या कानाचा डग्गा सापडला!

मंडळी, माझा निळा इन-इअर हेडफोन विकत नाही आहे. डावीकडे बास टिकत नाही म्हणून तो काढून टाकायचं मागे लिहिलं होतं. मागच्या नोंदीनंतर ज्यांनी किंमत विचारली होती त्यांनी दुसरीकडे बघावं. डाव्या कानाचं दुखणं सापडलं. ते ना टिपमध्ये (कानात जाणारी मऊ टोपी) होतं, ना ड्रायव्हरमध्ये (आवाज काढणारा भाग).

लक्षण जुनंच. घालताक्षणी सगळं ठीक असतं. मग जरा चालले, बोलले, बडीशेप चघळली की डावीकडचा बास गळून जातो. डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो आणि तबल्याची नुसती किनार टकटकत राहते. वसंतराव देशपांडे सभागृहात पुढच्या रांगेत बसून डग्गा ऐकलेल्या माणसाला हे सहन होणं शक्य नाही. तानपुरा एका कानात भरलेला आणि दुसऱ्यात पत्र्याचा. शिवाय गाणारा माणूस मधोमध न बसता उजवीकडे सरकलेला.

ड्रायव्हरवरचा संशय आधी फेडला. डावा पीस उलटा धरून उजव्या कानात दाबला आणि फोनवरच्या टोन जनरेटरनं पन्नास हर्ट्झ सोडलं. दणदणीत आलं. जाळीत मळ नव्हता. म्हणजे पीस निर्दोष, भानगड कान आणि पीस यांच्या मध्ये कुठेतरी. इन-इअरचा बास सीलवरच, म्हणजे टिप कानात फट न ठेवता बसण्यावरच, उभा असतो. बारीकशी फट राहिली तरी आधी खालचे सूर निसटतात, वरचे तसेच राहतात. म्हणून फट आहे असं वाटतच नाही, हेडफोन ‘पातळ’ वाजतो एवढंच वाटतं. अर्धे वाईट रिव्ह्यू याच फटीतून येत असावेत असं माझं मत आहे.

मग टिप्सचं सत्र झालं. दादाच्या वर्कशॉपमधल्या व्हर्निअरनं नॉझल (टिप जिच्यावर बसते ती नळी) मोजला, साडेपाच मिलिमीटर. बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) एका दुकानात पिशवीभर सुट्या टिप्स मिळाल्या. भोकाचं माप विचारलं तर उत्तर आलं, "ताई, सबको यही लगता है." सबको लागत असेल, मला नाही लागत. स्पिनफिट कंपनीच्या टिपची फिरती मान मला आवडते, कानाच्या वळणाशी जमवून घेते. अझला कंपनीची चिकट टिप पकड घट्ट धरते, पण तासाभरानं कान खाजतो. फोमची गंमत नागपुरातच कळते. मे महिन्यात तो इतका मऊ पडतो की कानाच्या भिंतीवर जोरच लावत नाही, आणि डिसेंबरच्या सकाळी फुगायला एवढा वेळ घेतो की मेट्रो येऊन निघूनही जाते. वरचे सूर थोडे दबतात ते वेगळंच. डावीकडे लहान आणि उजवीकडे मध्यम हा नेहमीचा उपायही केला. फरक पडला, पण चघळलं की पुन्हा तेच.

धागा सापडला तो दुपट्ट्यामुळे.

सुभाष नगर स्टेशनपर्यंत दुपारी चालत जाते. उन्हात डोक्याकानाला दुपट्टा घट्ट गुंडाळल्याशिवाय आपल्याकडे कोणी बाहेर पडत नाही. कापड केबलवर घासून खरखर येते म्हणून आजवर वैतागत होते. त्या दिवशी मात्र लक्षात आलं की वाटभर डावा डग्गा शाबूत आहे. डब्यातल्या एसीत दुपट्टा सोडला आणि झाशी राणी चौक यायच्या आत गायब. बोटानं शेल (पीसचं बाहेरचं कवच) वरून हलकेच खाली दाबला, परत आला. बोट काढलं, गेला. आत ढकलून काहीच होत नव्हतं, खाली दाबूनच होत होतं. काहून? तर शेलला कोणीतरी वर ओढत होतं.

ते कोणीतरी म्हणजे केबलचा हुक. टू-पिन केबलला (दोन पिनांनी पीसला जोडली जाणारी, सुटी होणारी केबल) कानामागून वळणारी आधीच आकार दिलेली प्लास्टिकची नळी असते ना, तिचं वळण माझ्या डाव्या कानाला आखूड पडत होतं. माझा डावा कान उजव्यापेक्षा वरच्या बाजूला थोडा उंच आहे, आरशात नीट पाहिल्यावर दिसतं. हुक कानाच्या मुळावर टेकतो, शेलला वर खेचतो, मग आतला नॉझल तिरका होतो आणि टिपची एक कड भिंतीपासून सुटते. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो, त्यात उरलीसुरली पकडही जाते. मोठी टिप घातली की दुखायचं का, तेही यातच आलं. टिप बिचारी हुकाशी कुस्ती खेळत होती.

उपाय हेअर ड्रायरचा. पीस केबलपासून सोडवले. ड्रायर कमी गरमीवर, थोडा लांब धरून फक्त डाव्या हुकवर फिरवला. पिनचा भाग बोटांत झाकून ठेवला, तिथे उष्णता नको. नळी मऊ झाल्यावर जाड मार्कर पेनवर वळण मोकळं केलं आणि थंड होईपर्यंत तसंच धरून ठेवलं. घाई करू नका, थंड व्हायच्या आत सोडलं की ती जुन्या वळणावर जाते. फार तापवली तर आकसते, मग नवी केबल.

पन्नास हर्ट्झ लावून भरपूर जबडा हलवला, जांभई दिली, खाली वाकले. डगमगलं नाही. तानपुरा लावला तर जवारी दोन्हीकडून सारखी आणि षड्ज बरोबर मधोमध. अनपेक्षित बक्षीस म्हणजे ‘स’ आणि ‘श’ची डावीकडची टोचही गेली. याला कारण आहे. टिप आणि कानाचा पडदा यांच्यामधल्या हवेचा स्वतःचा एक अनुनाद असतो. मोजमापाच्या आयईसी ६०३१८-४ कपलरवर (हेडफोन तपासायचा प्रमाणित कृत्रिम कान) तो साधारण ८ किलोहर्ट्झला दिसतो. पीस कमी आत बसला की तो खाली घसरतो. माझे दोन कान दोन वेगळ्या जागी टोचत होते. इक्वलायझरवर घालवलेल्या संध्याकाळी कोणी परत देईल का?

आणखी एक. व्हॉल्यूम आपोआप दोन-तीन खुणा खाली आला. फट असताना मेट्रोच्या आवाजावर मात करायला मी तो चढवत होते. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल आहे. चांगलं सील हे त्यासाठीही हवं. (स्कूटीवर मात्र कानात काही नाही, हे पुन्हा सांगते.)

केबलनं आवाज बदलतो यावर माझा अजूनही विश्वास नाही. केबलनं बसण बदलते, आणि बसणीनं आवाज. वेणीदार चांदीच्या केबलींवर पैसे उधळण्याआधी हुकाचं वळण बघा.

पुढचा बेत एटिमोटिक कंपनीच्या इन-इअरचा होता. १९९१ चा त्यांचा ईआर-४ अजून दाखला म्हणून दिला जातो. बारीक नॉझल, तीन थरांची टिप, खोल घालायची, म्हणजे हुकाची कटकटच नाही. यादीत वरती टाकूनही ठेवला होता. पण आता लिहिता लिहिता वाटतंय, काहून? उरलेलं दहा टक्के दुखणं म्हणजे दोन तासांनी शेलची कड कानाच्या वाटीत टोचते, आणि एटिमोटिकनं खोल घातलेल्या टिपचं नवं दुखणं येईल. त्यापेक्षा टिपमागे सिलिकॉनची बारीक रिंग टाकून टिप मिलिमीटरभर पुढे आणली, तर शेल वाटीपासून सुटेल. टिप नॉझलच्या कडेवरची पकड सोडून कानातच राहू नये एवढं बघावं लागेल. रिंग कशाची घ्यायची? घड्याळवाल्याकडे मिळतात त्या ओ-रिंग बहुतेक जमतील, उद्या विचारते.

तेही नाही जमलं तर श्रवणयंत्रवाल्याकडे कानाचा साचा काढून टिप्स घडवून घ्यायच्या. नागपुरात कोणी करून घेतल्या आहेत का? साचा काढताना तोंड उघडं ठेवायला सांगितलं की मिटलेलं, तेवढं नक्की लिहा.