बोडीतला व्हॉल्व्हॉक्स: तरंगता गोल उजेडाकडे वळू लागला

मी बनवलेला थर्माकोलचा तरंगता गोल आता टॉर्चकडे वळतो. त्यात ना मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम चालवणारी चिप) आहे, ना प्रोग्राम. दोन छोट्या मोटरी, दोन एलडीआर (उजेड पडला की रोध घटणारे सेन्सर), दोन ट्रान्झिस्टर आणि एक १८६५० लिथियम सेल, एवढ्यावर तो आमच्या धानाच्या बांधीजवळच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, फिरतो.

नमुना व्हॉल्व्हॉक्सचा. संथ गोड्या पाण्यातलं हे हिरवं शेवाळ म्हणजे शेकडो-हजारो पेशींचा पोकळ गोळा, साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. वरच्या थरातल्या पेशींना दोन-दोन कशाभिका (वल्ह्यासारखे हलणारे बारीक धागे) आणि उजेड ओळखणारा एकेक ठिपका. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. उजेडाकडच्या पेशी वल्हवणं मंद करतात, पलीकडच्या जोरात मारत राहतात आणि गोळा उजेडाकडे वळतो. निर्णय कुठेच होत नाही, तरी दिशा सापडते. मी या छंदात पडलो तो यासाठीच.

सर्किटमध्ये तेच उतरवलंय. डावा एलडीआर डाव्या मोटरीच्या ट्रान्झिस्टरचा बेस (मोटरीचा करंट ताब्यात ठेवणारा पाय) आणि ग्राउंड यांच्यामध्ये, वर १० के चा पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवून बदलता येणारा रोध. डावीकडून उजेड आला की एलडीआरचा रोध घटतो, बेसचं व्होल्टेज पडतं, डावी मोटर मंदावते. उजवी ढकलत राहते, गोल डावीकडे वळतो. टॉर्चजवळ पोचला की दोन्ही मोटरी थांबतात. मेंदूशास्त्रज्ञ व्हॅलेंटिनो ब्रायटेनबर्ग यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या कल्पित गाड्यांपैकी एकीची जोडणी हीच. ट्रान्झिस्टर बीसी३३७ घ्या, बीसी५४७ ला मोटरीचा करंट झेपत नाही. मोटरीवर उलटा डायोड हवाच.

खरी झुंज पाण्याशी आहे. व्हॉल्व्हॉक्सच्या आकाराला पाणी इतकं चिकट लागतं की वल्हवणं थांबलं की तो जागीच थांबतो. आपला थर्माकोलचा गोल मात्र वळता वळता पुढे निघून जातो, मग उलटा वळतो, आणि नागमोडी चालत राहतो. खाली प्लॅस्टिकच्या उभ्या पट्ट्या लावल्यावर ही डोल बरीच कमी झाली. सेल तळाशी टांगल्याने लाटेतही गोल सरळ राहतो. व्हॉल्व्हॉक्सचाही मागचा भाग जड असतो, म्हणून त्याचं तोंड वर राहतं.

दिवसा आकाशाचा उजेड चारी बाजूंनी येतो, दोन्ही एलडीआर सारखेच भरतात. त्यांना काळ्या नळीचे तुकडे बसवले आणि चाचण्या सांजच्याला घेतो. जाळं घेऊन आलेल्या एका ढिवर काकांनी बराच वेळ पाहून विचारलं, "हे आपल्या मनानं जाते का जी?" मी त्यांना एलडीआरवर बोट ठेवायला लावलं. मोटर जोरात फिरली, आणि पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही.

पुढचा जीव ई. कोलाय हा जिवाणू. तो इतका लहान की दोन टोकांतला फरक त्याला कळत नाही. आत्ताची चव आणि क्षणभरापूर्वीची चव तो ताडून पाहतो. सुधारत असेल तर सरळ, नाही तर गिरकी घेऊन भलतीच दिशा. सरळ धाव आणि गिरकी ही चाल हॉवर्ड बर्ग आणि डग्लस ब्राउन यांनी १९७२ मध्ये दाखवली. म्हणजे एलडीआर एकच, पण थोडी आठवण हवी. तिथे अ‍ॅटटायनी८५ हा छोटा मायक्रोकंट्रोलर वापरणार. मोटरीच्या दांड्याशी सध्या ग्रीस भरलंय, तरी पाणी झिरपतं. कोणी दांडा बाहेर न काढता, आतल्या चुंबकाने बाहेरचा पंखा फिरवून पाहिला असेल, तर मधे किती जाडीचं प्लॅस्टिक चालतं ते सांगा.