जहाज आधी कागदावर जुनं करावं लागतं

दुहेरी कवचाच्या एका तेलवाहू टँकरच्या मधल्या भागाची रचना क्लासकडून, म्हणजे जहाजांची रचना तपासून मान्य करणाऱ्या संस्थेकडून, मंजूर करून घेण्याचं काम माझ्याकडे होतं. 2015 पासून लागू असलेल्या आयएसीएस या अशा संस्थांच्या संघटनेच्या सामायिक नियमांत जहाज 25 वर्षं उत्तर अटलांटिकच्या लाटांत राहणार असं धरतात. त्यामुळे कोरं जहाज तपासून भागत नाही, गंजलेलं तपासावं लागतं.

पत्र्याच्या दोन्ही बाजूंना काय आहे, यावरून गंजात झिजेल म्हणून धरायची जाडी ठरते. जहाज तोलण्यासाठी समुद्राचं पाणी भरतात त्या बॅलास्ट टँकचा वरचा भाग सगळ्यांत वाईट. ही जाडी वजा करून जे उरेल, त्यावर ताकद दाखवायची.

इथवर हिशोब सरळ होता. वेळ खाल्ला तो फटीगने, म्हणजे लाटांचा ताण पुन्हा पुन्हा येऊन धातू थकण्याने. आतला तळ आणि हॉपरचा (तळ व बाजू यांच्या कोपऱ्यातल्या टाकीचा) तिरका पत्रा जुळतात, तो सांधा काही केल्या 25 वर्षं गाठत नव्हता. ताण दुप्पट झाला की वेल्डचं आयुष्य साधारण आठपट घटतं. उलट ताण पाचव्या हिश्शाने उतरवला, तर ते जवळजवळ दुप्पट होतं. पत्रा जाड करावा असं लगेच सुचतं, पण तिथे ताण गोळा होतो तो आकारामुळे. आतल्या तळाच्या रेषेत हॉपर टँकमध्ये ब्रॅकेट (आधाराचा पत्रा) घातला, खालचा गर्डर (उभी तुळई) सांध्याखाली नेमका आणला, तेव्हा आकडे हलले. वेल्डची कड घासून गुळगुळीत करावी, अशी टीपही लिहिली. वेळखाऊ म्हणून ती काढायचा आग्रह झाला. मी काढू दिली नाही.

मग अपघात. टक्करीत डेकपासून खाली बाजूची 60 टक्के उंची गेली, किंवा तळाची 60 टक्के रुंदी फाटली, असं धरून उरलेला सांगाडा तपासायचा. लाटांचा भार इथे साधारण दोन तृतीयांशच घेतात. मी त्याचा अर्थ असा घेतो की जखमी जहाजाला आसऱ्यापर्यंत पोचायचं आहे. पण 2002 मध्ये स्पेनजवळ ‘प्रेस्टीज’ या तेलवाहू जहाजाला आसरा मिळाला नाही आणि सहा दिवसांनी ते दुभंगलं. म्हणून काठावरचा निकाल मला पुरेसा वाटला नाही. डेकखालचे स्टिफनर (पत्र्याला ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या) वाढवले. वजन वाढलं, त्यावर वाद झाला, पण ते राहिले.

मंजूर नकाशावर प्रत्येक पत्र्याची बांधणीची जाडी आणि बदलण्याची जाडी (जिथवर झिजला की पत्रा बदलायचा ती) शेजारी-शेजारी आहे. मोजमाप बदलण्याच्या जाडीपासून 0.5 मिमीच्या आत आलं, की तो पत्रा दरवर्षी मोजावा लागेल.